स्लॅबचे घर : बांधण्याआधी हे वाचा



सुगी आटोपली, सोयाबीन-तुरीचे चार पैसे हाती आले, की गावोगाव बांधकामाची लगबग सुरू होते. कुणाला घरकुलाचा हप्ता मिळालेला असतो, कुणी वाडवडिलांचे माळवद उतरवून स्लॅब टाकायला काढतो, कुणी गोठ्याला पक्का कोबा करतो. ‘घर पाहावे बांधून’ असे आपली जुनी माणसे म्हणत आली, ते उगीच नाही.

शेतीच्या पानावर हा सिमेंट-काँक्रीटचा विषय कशाला, असे तुम्ही म्हणाल. त्याला कारण आहे. शेतकऱ्याच्या आयुष्यात जमिनीखालोखाल सर्वात मोठा खर्च घरावर होतो. बियाणे घेताना आपण पिशवीवरचा टॅग वाचतो, उगवणशक्ती तपासतो, पावती जपून ठेवतो. पण घराची वेळ आली की सगळे मिस्त्रीवर सोपवून मोकळे होतो. बियाणे बोगस निघाले तर एक हंगाम जातो. काँक्रीट बोगस निघाले तर ते डोक्यावर लटकत राहते, आणि आतली गोष्ट बाहेरून दिसत नाही. म्हणून हा लेख कापून ठेवा आणि पाया खणायच्या आधी एकदा घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

किल्लारीने काय शिकवले?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत जमीन हादरली. काही सेकंदांत गावेच्या गावे मातीला मिळाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास गेला. नंतर ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

भूकंपापेक्षा माणसे घराने मारली, हे त्या वेळी तज्ज्ञांनी पाहणी करून सांगितले. दोन-अडीच फूट, काही ठिकाणी त्याहूनही जाड दगडी भिंती. बाहेरून घडीव दगड, आतून वेगळा थर, मध्ये नुसता चिखल आणि कपऱ्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवदाची फूट-दोन फूट माती. हादरा बसताच भिंतीचे दोन पदर सुटले आणि कोसळले. पुष्कळ ठिकाणी खणाच्या घराचा लाकडी सांगाडा तसाच उभा होता, पण भिंतीच्या दगडांखाली घरातली माणसे सापडली.

यातून बऱ्याच जणांनी अर्धाच धडा घेतला. ‘दगड-मातीचे घर वाईट, स्लॅबचे घर चांगले’ एवढेच मनात बसले. पण २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतल्या काँक्रीटच्या कित्येक इमारती पडल्या. तेव्हा नुसते काँक्रीट असून भागत नाही. ते नीट रचलेले, नीट कालवलेले आणि नीट बांधलेले असावे लागते.

‘आमच्याकडे कुठला आलाय भूकंप’ असेही म्हणू नका. १९९३ पूर्वी किल्लारीचा भाग देशाच्या भूकंप नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात टाकला गेला. २०२४ साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली, नांदेड, परभणीकडे धक्के बसले. पत्रा उडू नये म्हणून छपरावर ठेवलेले मोठाले दगड काढून घ्या, असे आवाहन तेव्हा प्रशासनाने केले होते. आपल्यापैकी किती जणांनी ते काढले?

काँक्रीट आणि सळई : जोडीचे काम

जोसेफ मोनिए नावाचा एक फ्रेंच माळी होता. झाडांच्या सिमेंटच्या कुंड्या फुटतात म्हणून त्याने आत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली त्याचे पेटंट घेतले. आज ज्याला आपण आर.सी.सी. म्हणतो, त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत या माळ्याचे काम महत्त्वाचे मानले जाते.

तत्त्व सोपे आहे. काँक्रीट दाब सोसण्यात बळकट, पण ताणाला कच्चे. जेवढा दाब ते सोसते, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच ताण त्याला पेलतो. लोखंड ताणाला पक्के. शिवाय उन्हाने दोघेही जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, म्हणून एकमेकांपासून सुटत नाहीत. बैलजोडीत एक बैल कच्चा असला तर नांगर वाकडा जातो, तसेच इथेही आहे. सळई भारी आणि काँक्रीट भुसभुशीत, किंवा काँक्रीट चांगले आणि सळई चुकीच्या जागी, दोन्हींचा उपयोग नाही.

आणि वजनाचा विचार करा. १० बाय १२ फुटांच्या एका खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला, तर नुसत्या स्लॅबचे वजन साडेतीन टन होते. भरलेल्या ट्रॉलीएवढे वजन आपण लेकराबाळांच्या डोक्यावर ठेवतो आहोत. हे एकदा मनावर घेतले की पुढचे सगळे आपोआप पटते.

म्हणूनच जुन्या, चिखलात बांधलेल्या दगडी भिंतींवर नवा स्लॅब टाकण्याचा प्रकार फार धोक्याचा आहे. पैसे वाचतात म्हणून अनेक जण तो करतात. खाली किल्लारीचीच भिंत आणि वर टनावारी काँक्रीट! असे करू नका. नव्या भिंती किंवा कॉलम उभे करण्याइतके पैसे नसतील तर हलका पत्रा घाला, पण स्लॅब नको.

पाया : काळ्या जमिनीचा स्वभाव ओळखा

आपली काळी, कसदार जमीन पिकाला सोन्यासारखी, पण घराला वैरी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हाताच्या रुंदीच्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला तर घर दरवर्षी वर-खाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपे तडे जातात. पाया काळी माती ओलांडून खालच्या घट्ट मुरमात न्या. काळी माती फार खोल असेल तर खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घेण्याची पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली आहे. इंजिनिअरला त्याबद्दल विचारा. पायात काळी मातीच परत भरू नका, मुरूम भरून चोपा. न्हाणीचे पाणी भिंतीच्या बुडाशी सोडू नका, आणि लिंब, वड, पिंपळ घराला चिकटून लावू नका.

माल मोजून घ्या, अंदाजाने नको

स्लॅब, बीम, कॉलम यांसाठी भारतीय मानकाप्रमाणे निदान एम-२० प्रतीचे काँक्रीट लागते. साध्या हिशेबात ते १ : १॥ : ३ असे बसते, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. गावोगाव ‘एकास दोनास चार’ चालते, ते या कामाला कमी पडते.

पाट्या मोजून माल टाकणे बंद करा. कुणाची पाटी शीग लावून, कुणाची सपाट. त्याऐवजी सुताराकडून ४० सें.मी. लांब, ३५ सें.मी. रुंद आणि २५ सें.मी. उंच असा आतून मापाचा खोका करून घ्या. त्यात बरोबर ३५ लिटर माल बसतो, म्हणजे ५० किलोची सिमेंटची एक गोणी. एका गोणीला दीड खोका वाळू आणि तीन खोके खडी, झाले प्रमाण. वर सांगितलेल्या १० बाय १२ च्या स्लॅबला अकरा-बारा गोण्या सिमेंट लागले पाहिजे. सात-आठ गोण्यांत काम उरकले तर आनंद मानू नका, हिशेब विचारा.

*सिमेंट :* गोणीवर कोणत्या आठवड्याचे, कोणत्या वर्षाचे ते छापलेले असते. तीन महिन्यांवरचे सिमेंट स्लॅबला वापरू नका. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर सोडून ठेवा. गाठी झालेले सिमेंट चाळून वापरू नका.

*वाळू :* काचेच्या बाटलीत अर्धी वाळू भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून हलवा, आणि तीन तास ठेवा. वर गाळाचा थर बसेल. वाळूच्या थराच्या बारावा हिस्सा, म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक गाळ असेल तर वाळू धुऊन घ्या किंवा परत पाठवा. ओली वाळू फुगते, त्यामुळे खोक्यात प्रत्यक्ष कमी भरते. तेवढी ती थोडी जास्त घ्यावी लागते. नदीची वाळू मिळत नसेल तर चांगली क्रश सँड चालते. मात्र दगडाची नुसती भुकटी म्हणजे क्रश सँड नव्हे.

*खडी :* पाऊण इंची, टोकदार, काळ्या दगडाची. मातीने माखलेली खडी पाणी मारून धुऊन घ्या.

पाणी : खरा घात इथे होतो

पिकाला जास्त पाणी दिले तर मुळ्या कुजतात, हे तुम्हाला सांगायला नको. काँक्रीटचेही तसेच. माल पातळ असला की ओढायला सोपा जातो, म्हणून मजूर बादलीवर बादली ओततात. सिमेंटला घट्ट व्हायला त्याच्या वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास पाणी पुरते. बाकीचे पाणी कालवण्यापुरते. जादा पाणी उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. पाण्याचे वजन सिमेंटच्या निम्म्यावरून पाऊणपट झाले तर काँक्रीटची ताकद जवळजवळ निम्मी होते. गोणी तीच, खर्च तोच, ताकद मात्र अर्धी!

एका गोणीला २५ ते २७ लिटर पाणी, म्हणजे १५ लिटरच्या बादलीने पावणेदोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मालाचा लाडू वळता यावा इतपत ओल हवी, आमटी नको. माल घट्ट वाटला तर व्हायब्रेटर लावा, पाणी वाढवू नका. व्हायब्रेटर भाड्याने मिळतो. तो लावला नाही तर सळयांच्या खाली मधाच्या पोळ्यासारखी पोकळी राहते. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात जागेवर पडला पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत आळलेला माल पाणी टाकून परत कालवणे म्हणजे फसवणूकच.

पाणी कोणते, हेही महत्त्वाचे. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यांनी हे नीट वाचावे. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड सळईला गंज चढवते. गंजलेले लोखंड फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. काही वर्षांत स्लॅबच्या खालून पोपडे पडू लागतात, सळया उघड्या दिसतात, ते यामुळेच. आर.सी.सी.साठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड असलेले पाणी चालत नाही. शंका असेल तर बाटलीभर पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. साधा नियम म्हणजे पिण्याचे गोडे पाणी तेच काँक्रीटचे पाणी.

सळई कुठे बसली, हे स्वतः पाहा

दोन भिंतींवर ठेवलेली फळी मधोमध दाबली तर ती खालून फाटते. म्हणून स्लॅबची मुख्य सळई खालच्या अंगाला आणि खोलीच्या आखूड बाजूने हवी. पण दारावरचा सज्जा किंवा बाहेर काढलेली गॅलरी यांचे उलटे असते. तिथे ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून सळई वर हवी आणि ती मागे स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये चांगली आतपर्यंत गेलेली हवी. माल टाकताना मजूर सज्जाच्या सळयांवर पाय देतात, सळया खाली दबतात, आणि सेंट्रिंग काढताच किंवा एखाद्या वर्षी त्यावर चार माणसे चढली की सज्जा कोसळतो. सळयांखाली खुर्च्या लावून घ्या, आणि चालायला फळ्या टाका.

सळईभोवती काँक्रीटचे पांघरूण, म्हणजे कव्हर, किती हवे ते लिहून ठेवा : स्लॅबला पाऊण इंच, बीमला एक इंच, कॉलमला दीड इंच, पायाला दोन इंच. त्यासाठी सिमेंटचे कव्हर ब्लॉक वापरा. खडीचे तुकडे किंवा फरशीच्या चिपा नकोत. कॉलममध्ये निदान १२ मि.मी.च्या चार सळया हव्यात. रिंगांची टोके आतल्या बाजूला पुरती वळवलेली हवीत. नुसती काटकोनात ठेवलेली रिंग हादऱ्यात उघडते. सळईला सळई जोडताना तिच्या जाडीच्या ५० पट लांबीचा सांधा घ्या, म्हणजे १२ मि.मी.ला सुमारे दोन फूट. सगळे सांधे एकाच ठिकाणी येऊ देऊ नका.

कॉलम नसले तर घराला पट्टे बांधा

प्रत्येकाला कॉलम-बीमचे घर परवडत नाही आणि एकमजली घराला त्याची गरजही नसते. विटांचे किंवा दगडाचे घर सिमेंटच्या मालात बांधा, आणि काँक्रीटचा पट्टा जोत्याला एक, दार-खिडक्यांच्या वर लिंटेलला एक आणि पत्र्याचे छप्पर असेल तर भिंतीच्या माथ्यावर एक, असा चारही भिंतींवरून सलग फिरवा. पाटीला पट्टी ठोकावी तसे ते घराला आवळून धरतात. पट्टा निदान तीन इंच जाड, आत दोन सळया, आणि दर सहा इंचांवर ६ मि.मी.ची आडवी कडी. सळई किती जाडीची, ते खोलीच्या लांबीवर ठरते, म्हणून इंजिनिअरकडून लिहून घ्या. कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. सर्वात महत्त्वाचा लिंटेलचा पट्टा. नेमका तोच दाराच्या वर तुकड्यातुकड्याने टाकून सोडून देतात.

दगडी भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नका. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा जोडदगड घाला. तसा दगड मिळत नसेल तर काँक्रीटचा ओतून घ्या. दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट सोडून ठेवा.

जे आज जुन्या माळवदातच राहतात, त्यांनी दरवर्षी वर नवी माती टाकत जाणे थांबवावे. जादा माती उतरवून वीतभर ठेवावी आणि खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे गळतीही थांबते आणि वजनही घटते. माती उतरवताना खालचे सर आणि खांब किडलेले नाहीत ना, ते पाहून घ्या.

पाणी मारणे आणि सेंट्रिंग काढणे

स्लॅब पडला की गूळ-खोबरे वाटले जाते आणि सगळे आपापल्या कामाला जातात. खरे काम तर तेव्हा सुरू होते. काँक्रीट वाळून पक्के होत नाही, ओले राहून पक्के होते. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवा. कॉलमला गोणपाट गुंडाळून ओले ठेवा. आजकाल मिळते ते बहुतेक सिमेंट राख मिसळलेले, पी.पी.सी. असते. त्याला चौदा दिवस पाणी हवेच. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात दिवसातून दोनदा पाइप फिरवून भागत नाही. पाण्याची टंचाई असेल तर बांधकाम दिवाळीनंतर लगेच काढा, ऐन उन्हाळ्यावर नेऊ नका. उन्हाळ्यातच टाकायचा झाला तर पहाटे किंवा ऊन उतरल्यावर टाका.

सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसरीकडे न्यायच्या असतात, म्हणून तो घाई करतो. तुम्ही करू नका. पंधरा फुटांपर्यंतच्या स्लॅबचे टेकू मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला सात दिवसांनी निघतात, पण पी.पी.सी. आणि थंडी असेल तर चौदा दिवस थांबा. बीमचे टेकू चौदा दिवसांच्या आत नाहीच. लांब बीमला एकवीस दिवस. आठवड्याच्या जादा भाड्यासाठी घर धोक्यात घालणे कोणत्या हिशेबात बसते?

गोठा, खते आणि धान्याची खोली

गोठ्याच्या कोब्याला ४० फुटांना एक फूट असा उतार द्या आणि पृष्ठभागावर रेघा ओढा, म्हणजे जनावर घसरणार नाही. मूत्र आणि मुरघासाचा आंबट रस काँक्रीट खातो, म्हणून तिथे सिमेंट कमी करून चालत नाही. गव्हाणीजवळ साचू देऊ नका.

अमोनियम असलेली रासायनिक खते काँक्रीटला आणि सळईला मारक असतात. पोती थेट फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवू नका. लाकडी फळ्यांवर ठेवा.

वरच्या मजल्यावर धान्याची थप्पी मारणे टाळा. राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो भार धरून काढतात. क्विंटलची पाच पोती एकावर एक रचली तर तो भार चौपटीच्या आसपास जातो. थप्पी खाली जमिनीवरच ठेवा. गच्चीवर पाण्याची टाकी ठेवायची असेल तर ती भिंतीच्या किंवा बीमच्या वर येईल अशी ठेवा. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन.

सरपंच आणि ग्रामसेवकांना विनंती

शाळेची खोली, अंगणवाडी, सिमेंट नाला बांध ही कामे गावाची आहेत. काम चालू असताना ठेकेदाराकडून १५ सें.मी.चे काँक्रीटचे ठोकळे भरून घ्या. प्रत्येक वेळी तीन. ते २८ दिवसांनी पॉलिटेक्निक किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत फोडून पाहतात. एम-२० असेल तर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो दाब सोसायला हवा. ठोकळे माल टाकताना आपल्यासमोर भरा आणि त्यांवर तारीख घाला. घरकुलाचे फोटो जोता-लिंटेल-छप्पर असे टप्प्याने काढावे लागतातच, तर लिंटेलच्या पट्ट्यातली सळई दिसेल असा एक फोटो त्यात जादा काढा. गावच्या गवंड्यांना बोलावून पंचायत समितीच्या शाखा अभियंत्यांचे अर्धा दिवस मार्गदर्शन ठेवा. एक गवंडी शिकला तर वीस-पंचवीस घरे सुधारतात.

शेवटी एवढेच सांगतो. पाया, सळई आणि स्लॅब यांचा नकाशा इंजिनिअरकडून काढून घ्या. त्याची फी एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते. स्लॅबच्या दिवशी घरचा एक जाणता माणूस मिक्सरपाशी बसवा, हातात वही द्या, आणि किती गोण्या, किती खोके, किती बादल्या याची नोंद करायला लावा. जेवणावळीचा बेत दुसऱ्या कुणाकडे सोपवला तरी चालेल.